शेवटच्या रिळातली फसगत

भूतपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक चिडतो, तो भीती कमी पडली म्हणून क्वचितच. दोन तास ज्याच्या दुःखाने पडदा भारून टाकला, त्या मेलेल्या जिवाला शेवटी कुणी विचारतच नाही, याचा तो राग असतो. आपल्याकडच्या कथांत भूत मागे राहतं ते कुणाचं तरी देणं थकलेलं असतं म्हणून. त्या देण्याचं काय झालं, हे न सांगणारा शेवट कितीही धक्कादायक असला तरी पोकळच ठरतो. हिंदी भूतपट या कसोटीवर लावून पाहण्यासारखे आहेत.

सुरुवात कमाल अमरोहींच्या ‘महल’पासून (१९४९). जोसेफ विर्शिंग यांच्या कॅमेऱ्याने उभं केलेलं सावल्यांचं जग, त्यात वावरणारी मधुबाला. आणि अखेर कळतं की ती मेलेल्या कामिनीचा आत्मा नव्हे, माळ्याची मुलगी आशा आहे. हे कळल्यावरही नायकाची ओढ सुटत नाही, म्हणून ‘महल’ तरतो. पुढच्या अनेकांनी मात्र त्यातला उलगडाच तेवढा उचलला. ‘वह कौन थी?’मध्ये (१९६४) पावसातल्या साधनाचं गूढ जुळी बहीण आणि संपत्तीसाठी रचलेला डाव यांवर येऊन संपतं. कोडं सुटतं, पण ज्या हुरहुरीने आपण खिळून बसलो होतो, ती कशासाठी होती याचं उत्तर मिळत नाही.

याच्या नेमकं उलट ‘मधुमती’ (१९५८). दिग्दर्शक बिमल रॉय; ‘महल’चं संकलन त्यांनीच केलं होतं. कथा ऋत्विक घटक यांची. मधुमतीच्या मृत्यूला कारण ठरलेल्या उग्रनारायणाकडून कबुली मिळवण्यासाठी मधुमतीसारख्या दिसणाऱ्या माधवीला उभं करायचं ठरतं. डाव साधतो, गुन्हेगार सापडतो आणि त्यानंतर खरी माधवी दारात येते. म्हणजे मघाशी जाब विचारून गेली ती कोण? इथे उलगडा भुताला खोडत नाही, सिद्ध करतो. मधुमतीने आपला न्याय स्वतः मिळवलेला असतो. पुढचा पुनर्जन्माचा दिलासा थोडा गोड आहे, पण तोवर देणं फिटलेलं असतं.

तुलसी आणि श्याम रामसे यांच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) त्रिशूळ आणि आग यांनी सामरी या सैतानाचा निकाल लागतो. तो योग्यच आहे, कारण सामरी मुळातच क्रूर. त्याचं कुणाकडे काही येणं नाही. पण हाच उपाय फसवल्या गेलेल्या बाईवर केला की पोट ढवळून निघतं. विक्रम भट्ट यांच्या ‘राज’मध्ये (२००२) आदित्यने मालिनीला नादी लावलं, तिचा मृत्यू लपवला, देह जंगलात पुरला. शेवटी तो देह जाळला जातो आणि आदित्यचा संसार वाचतो! ज्या हॉलिवूडपटावरून हा बेतला, त्या ‘व्हॉट लाइज बिनीथ’मध्ये (२०००) नवराच खुनी असतो आणि मेलेली तरुणीच त्याला पाण्यात ओढते. आपल्या रूपांतरात नवऱ्याला जपण्यासाठी मृत स्त्रीला दुसऱ्यांदा संपवलं गेलं. माझ्या मते हिंदी भूतपटांतला हा सर्वांत अन्यायी शेवट.

‘भूलभुलैया’ (२००७) आणि त्याचा मल्याळम मूळपट ‘मणिचित्रताळ’ (१९९३) यांच्यात भूत मनोविकार ठरतं. तरी तो शेवट बोचत नाही, कारण डॉक्टर नायिकेच्या मनात वसलेल्या मंजुलिकाचं म्हणणं खोटं पाडत नाही. राजाच्या जागी पुतळा ठेवून तिला सूड घेऊ देतो.

गोडव्यानेही घात होतो. विजयदान देथांच्या ‘दुविधा’ कथेत नवऱ्याचं रूप घेतलेलं भूत कातड्याच्या पिशवीत कोंडलं जातं आणि बाईला नको असलेला संसार उरतो. मणी कौल यांनी १९७३ साली पडद्यावर ती वेदना जपली. अमोल पालेकरांच्या ‘पहेली’त (२००५) मात्र भूत नवऱ्याच्याच देहात शिरून सुखाने नांदू लागतं. मग त्या नवऱ्याचं काय झालं? चित्रपट विचारत नाही.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) देणं भुताचं नाही, माणसाच्या हावेचं आहे. बाप अखेरचा ऐवज पुढे करतो आणि मुलगा तो नाकारतो. पिढ्यांचं कर्ज तिथे थांबतं. २०२४ साली चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा शेवट ठाऊक असूनही लोकांनी गर्दी केली. रहस्य एकदा कळलं की संपतं. फेडलेलं देणं मात्र पुन्हा पाहावंसं वाटतं. आपल्या पटकथाकारांनी शेवटच्या रिळात धक्का शोधण्याआधी मेलेल्याचं म्हणणं ऐकावं.