जुन्या गृहसंगणकाचें गाणें



आज ज्या संगीताविषयीं बोलावयाचें आहे, तें कोणीं वाद्यावर वाजविलेलें नाहीं आणि ध्वनिमुद्रितही केलेलें नाहीं. अमेरिकेंतील कमोडोर कंपनीनें १९८२ सालीं ‘कमोडोर ६४’ नांवाचा घरगुती संगणक बाजारांत आणला. त्याच्या पोटांत ‘सिड’ नांवाची एक चिप असे. यूरोपांतील तरुण मंडळींनीं, बहुधा खेळांच्या निमित्तानें, तिच्याकडून जीं हजारों गाणीं वाजवून घेतलीं, तीं आजही आवडीनें ऐकिलीं जातात. कंपनीचें दिवाळें १९९४ सालीं वाजलें. मग हीं गाणीं आजच्या यंत्रावर ऐकावयाचीं कशीं? प्रश्न वाटतो तितका सरळ नाहीं.

ग्रामोफोनच्या तबकडीवर गायकाच्या आवाजाचा ठसा असतो. भातखंड्यांच्या स्वरलिपींत आवाज नसतो. काय गावें एवढेंच तेथें लिहिलेलें असतें. सिडच्या गाण्याची फाइल या दोहोंहून निराळी आहे. तिच्यांत स्वरलिपि तर असतेच; पण ती वाचून वाजविणारा वादकही, म्हणजे त्या जुन्या यंत्राच्या भाषेंतील एक लहानसा प्रोग्रॅम, तिच्यांतच बसलेला असतो. इतकें असूनही अशी फाइल पुष्कळदां पांच-सहा हजार बाइटांत मावते. कॉम्पॅक्ट डिस्कला एका सेकंदाच्या आवाजास १,७६,४०० बाइट लागतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या काटकसरीचें कौतुक वाटतें.

ही चिप रॉबर्ट यानेस या अभियंत्यानें आंखली. गृहस्थ संगीतवाद्यांच्या नादांतला. पुढें सहकाऱ्यांसह त्यानें ‘एन्सोनिक’ ही वाद्यें बनविणारी कंपनीच काढली. चिपेला तीन कंठ आहेत. प्रत्येक कंठ चार तऱ्हेचे नाद काढूं शकतो, आणि स्वर कसा उठावा, किती टिकावा, कसा विरावा हेंही ठरवितां येतें. शिवाय तिघांत मिळून एक गाळणी आहे. तिच्यांतून नेलेल्या नादाची धार कमी-अधिक होते. हें सर्व साधतें तें चिपेच्या २५ खणांत आंकडे भरून. यूरोपांतील यंत्रांत वादक-प्रोग्रॅम बहुधा सेकंदास ५० वेळां जागा होतो, खणांत पुढचे आंकडे टाकतो आणि पुन्हा झोपीं जातो. तीन कंठांत मोठा स्वरमेळ बसेना, तेव्हां रचनाकारांनीं एकाच कंठांतून त्या मेळाचे स्वर इतक्या त्वरेनें आळीपाळीनें काढले कीं कानाला ते एकत्र भासावे. या संगीतांतील तो सुप्रसिद्ध थरथराट गरजेंतून जन्मला आहे. रॉब हबर्ड यांनीं १९८५ सालीं ‘माँटी ऑन द रन’ या खेळाकरितां केलेली रचना ज्यानें ऐकली असेल, त्याला ही उणीव होती असें वाटणारही नाहीं.

आतां आजच्या संगणकाला ही जुनी भाषा कळत नाहीं. म्हणून त्यावरील वाजविणाऱ्या प्रोग्रॅमला बहुरूप्याचें काम करावें लागतें. तो एकाच वेळीं जुन्या यंत्राच्या मेंदूचें सोंग घेतो आणि सिड चिपेचेंही. मिखाएल श्वेन्ड्ट यांचा ‘सिडप्ले’ आणि चिपेचें सोंग हुबेहूब वठविणारा डाग लेम यांचा ‘रेसिड’ हे या कलेंतले नामवंत होत. चिपेच्या घड्याळाचे सेकंदांत ९,८५,२४८ ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला चिपेनें काय केलें असतें याचा हिशेब करावयाचा, आणि त्यांतून आपल्या कर्ण्यास पुरेल एवढाच आवाज वेचून घ्यावयाचा, अशी ही रीत आहे.

पण हे ठोके यूरोपांतील यंत्राचे झाले. अमेरिकेंतील यंत्राचे १०,२२,७२७ पडत, आणि तेथें वादक सेकंदास ६० वेळां जागा होई. त्यामुळें यूरोपांत ४४० कंपनांचा म्हणून लिहिलेला स्वर तेथें सुमारें ४५७ कंपनांचा निघे, आणि पांच मिनिटांचें गाणें सव्वाचार मिनिटांच्या आंतच आटोपे. कोणत्या देशाच्या घड्याळावर वाजवावें, याची नोंद फाइलच्या शिरोभागीं करण्याची सोय आहे. तिकडे दुर्लक्ष करूं नये.

खरी पंचाईत पुढेंच आहे. चिपेची पहिली जात ६५८१ या अंकाची. तिच्यांत एक दोष होता: आवाजाची पातळी बदलली कीं ‘टक्’ असा नाद होई. चतुर रचनाकारांनीं ही पातळी भराभर बदलून त्या ठोक्यांतून ढोल आणि माणसाचे शब्दसुद्धां उमटविले. जणूं चौथा कंठच लाभला! पुढें ८५८० ही सुधारलेली जात निघाली. तिच्यांत दोष जवळजवळ नाहींसा झाला, आणि त्याबरोबर त्या गाण्यांतला ढोलही दबला. गाळणीची तऱ्हा याहून चमत्कारिक. ६५८१ च्या दोन चिपांची गाळणी सारखी नसे. रचनाकाराच्या घरीं जो नाद घुमारदार निघे, तोच शेजाऱ्याच्या यंत्रावर बोदा किंवा कर्कश निघे. मग मूळ गाणें कोणतें म्हणावयाचें? माझ्या मतें, रचनाकारानें ज्या जातीवर कान ठेवून तें बांधलें, तीच जात दोषांसह धरावी. स्वच्छ करण्याच्या भरांत ढोल पुसून टाकणारी सुधारणा मला मान्य नाहीं.

‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’ या नांवानें हौशी मंडळींनीं अशा पन्नास हजारांहून अधिक रचना जमविल्या असून त्या विनामूल्य मिळतात. कमोडोरच्या खऱ्या चिपा मात्र आतां कोणी घडवीत नाहीं, आणि ज्या आहेत त्या एकेक निकामी होत चालल्या आहेत. म्हणून ज्यांच्यापाशीं चालती ६५८१ असेल, त्यांनीं तीवर आपलें आवडतें गाणें वाजवून तें बहुरूप्याच्या गाण्याशीं ताडून पाहावें. गाळणीचा पडदा गडद-फिका करण्याची कळ अशा प्रोग्रॅमांत असते. ती थोडी थोडी फिरवावी, आणि दोन्ही आवाज जुळेपर्यंत ढोलाकडे कान ठेवावा.