पाणी गेले कुठे?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट लागतो. उन्हाळ्याच्या दिवसांत घाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पुढे वाफेचा लोट, झाडाखाली पदराने वारा घेणारी मंडळी, आणि हातात पाण्याची बाटली घेतलेले मालक. ते पाणी ओततात, अर्ध्या तासाने गाडी चालू होते, आणि ‘तिला तहान लागली होती’ असे म्हणून सारे हसत पुढे जातात. माझे आजचे म्हणणे त्या हसण्याविरुद्ध आहे. मोटारीतले पाणी बंदिस्त असते. ते एकाएकी कमी झाले, तर कुठे तरी गेले आहे. आणि ते कुठे गेले हे कळेपर्यंत ओतलेले पाणी म्हणजे सावकाराकडून मिळालेली मुदतवाढ समजावी.

तहानेची कल्पना मात्र अगदीच निराधार नाही. आरंभीच्या बेन्झ मोटारी खरोखरच पाणी पीत. इंजिनाभोवतीचे पाणी उकळे आणि वाफ होऊन उडून जाई. १८८८ साली बर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला मोटारीने गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत वारंवार थांबून पाणी भरावे लागले. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज गाडीला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. तेच ते पाणी वाऱ्याने निवून पुन्हा इंजिनात जाऊ लागले, आणि मोटारीची तहान संपली.

या पाण्याचे काम लहान नव्हे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तितकाच धुराबरोबर बाहेर पडतो, आणि बाकीचा बराचसा पाण्याला वाहून न्यावा लागतो. ते नीट व्हावे म्हणून रेडिएटरला, किंवा कित्येक गाड्यांत शेजारच्या टाकीला, दाबाचे झाकण असते. हे झाकण आपल्या घरच्या कुकरच्या शिट्टीचे सख्खे भावंड आहे. आत सुमारे एक वातावरणाइतका जादा दाब ते राखते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर सैल पडले की पाणी लवकर उकळून बाहेर पडते. चार पैशांच्या या वस्तूपायी पुरे इंजिन खोललेले मी पाहिले आहे. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कुकरची वाफ जिरण्याआधी झाकण ओढणारी गृहिणी मला अजून भेटलेली नाही. पण तापलेल्या रेडिएटरचे झाकण फिरवणारे शहाणे पुरुष पुष्कळ भेटतात. दाब सुटताच आतले पाणी त्याच क्षणी उसळून वाफ होते, आणि तोंड व हात भाजून निघतात.

आता निदानाकडे वळू. वैद्य जसा ‘ताप केव्हा येतो?’ हे आधी विचारतो, तसाच येथे पहिला प्रश्न वेळेचा आहे. चौकात उभी असताना गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा तपासावा. धावताना वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर तो पंख्यानेच द्यावा लागतो. उलट गावात ठीक आणि घाटात किंवा भरधाव वेगात तापते, तर बहुधा रेडिएटर कोंदला आहे. वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी घातले, तर बंबाच्या तळाशी साचतो तसाच क्षार त्या नळ्यांत साचतो. आणि थंड इंजिन चालू केल्यापासून पाचदहा मिनिटांतच काटा चढला, तर थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा पाणीच पुरेसे नसेल. काही मिस्त्री अशा वेळी थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. मला हा उपाय मुळीच मान्य नाही. इंजिन नेहमी थंडच राहते, पेट्रोल जास्त जळते, आणि मूळ दोष असला तर तो झाकला जातो.

दुसरा प्रश्न पाण्याच्या वाटेचा. बाहेर गेले असेल, तर खूण राहतेच. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवावा. सकाळी हिरवा किंवा गुलाबी डाग पडलेला दिसेल. रबरी नळ्यांचे सांधे, पाण्याच्या पंपाखालचे बारीक भोक, आणि आत पायाखालची ओली सतरंजी, ही नेहमीची ठिकाणे. डाग कुठेच नसेल, तर मिस्त्रीकडून थंड इंजिनात हातपंपाने हवेचा दाब भरून घ्यावा. काटा उतरत असेल आणि बाहेर थेंबही नसेल, तर पाणी आत जात आहे.

हे आत जाणे सर्वांत वाईट. इंजिनाचा माथा आणि धड यांच्यामध्ये गॅस्केट असते. ते फुटले की पाणी सिलिंडरात किंवा तेलात शिरते. इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहते, तेल दुधाळ होते, थंड इंजिन चालू करताच वरची नळी दगडासारखी टणक होते. मात्र तेलाच्या झाकणाखाली थोडासा पांढरा फेस थंडीत, आखूड फेऱ्यांनीही धरतो. तेवढ्यावरून घाबरू नये. फुटके गॅस्केट तसेच दामटले, तर अल्युमिनियमचा माथा वाकतो, आणि मग खर्चाला धरबंध राहत नाही.

आणखी एक फसवणूक सांगतो. काट्याला खबर देणारी कळ पाण्यात बुडालेली असेल, तोवरच तो खरे बोलतो. पाणी त्याखाली उतरले की चढलेला काटा कधी कधी खाली येतो. मालकाला वाटते, निवली. आणि पुढच्या दोन मैलांत इंजिन जाम होते. म्हणून काटा चढून एकदम पडला, तर चढ असो की उतार, गाडी कडेला घ्या आणि बंद करा. अर्धा तास, लागल्यास तासभर थांबा. झाकण हाताला थंड लागल्याशिवाय त्याला फिरवू नका. तापल्या धातूवर थंड पाणी एकदम ओतल्यास तो तडकतो. किती पाणी मावले आणि मागच्या भरण्यापासून किती मैल झाले, हे दोन आकडे लिहून ठेवा, आणि मिस्त्रीकडे गेल्यावर गाडीची किल्ली देण्याआधी तो कागद त्याच्या हाती द्या.