वेरूळची एकदिवसीय बससहल : वेळापत्रक आणि स्थलदर्शन

मार्गदर्शकासह केल्या जाणाऱ्या सामूहिक बससहलीत पर्यटक काय पाहतो, हे स्थळाइतकेच वेळापत्रकावरही अवलंबून असते. 2023 पर्यंत औरंगाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या वेरूळ सहलीच्या आधारे प्रस्तुत लेखात याचा विचार केला आहे.

बस सामान्यतः प्रथम दौलताबादला थांबते. यादवांची ही देवगिरी मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी केली. किल्ला पूर्ण चढून उतरण्यास दोन-अडीच तास तरी हवेत. सहलीत तेवढे मिळत नाहीत. परिणामी चाँद मिनार पाहून समूह परततो आणि खंदक व अंधारी, म्हणजे किल्ल्याच्या संरक्षणरचनेचे खरे मर्म, मार्गदर्शकाच्या कथनापुरतेच उरते.

वेरूळ येथे ही अडचण अधिक गंभीर होते. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या डोंगरकड्यात 34 लेणी असून त्यांपैकी 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन आहेत. प्रवेशद्वारासमोर मात्र 16 वे लेणे, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील कैलास, येते. शिखराकडून पायाकडे कोरत आणलेल्या या मंदिरात बहुतेक वेळ खर्च होतो, आणि तो व्हावा हे योग्यच आहे. त्यानंतर विश्वकर्मा हे 10 वे चैत्यगृह व तीन मजली 12 वे लेणे घाईने उरकले जाते. जैन लेणी उत्तरेस किलोमीटरभराहून अधिक दूर असल्यामुळे इंद्रसभा हे 32 वे लेणे सर्वप्रथम गळते. तीन धर्मपरंपरांचे सान्निध्य हेच 1983 साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या स्थळाचे वैशिष्ट्य. त्यांपैकी एक परंपरा न पाहताच ‘वेरूळ झाले’ असे मानले जाते.

जवळच घृष्णेश्वर हे ज्योतिर्लिंग आहे. एखाद्या शिल्पापुढे दहा मिनिटे थांबण्यास कंटाळणारी मंडळी दर्शनाच्या रांगेत विनातक्रार उभी राहतात. यास कलेविषयीची अनास्था म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. अनेक कुटुंबांच्या दृष्टीने ही यात्राच असते व लेणी वाटेवरची असतात. बीबी का मकबरा आणि पाणचक्की मग मावळत्या उजेडात आटोपतात.

वस्तुतः क्रम उलटा करता येतो. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतरचा प्रकाश आतपर्यंत पोहोचतो. शहरातील वास्तू सकाळी पाहून वेरूळ दुपारी ठेवल्यास आणि फेरीचा आरंभ इंद्रसभेपासून केल्यास जैन लेणी सुटत नाहीत. कैलास तर कोणताच मार्गदर्शक वगळत नाही. मंगळवारी लेणी बंद असतात, एवढे मात्र नोंदणीपूर्वीच पाहावे लागते.