सडा

कोकणातील व सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या खडकाचे सपाट, जवळजवळ वृक्षहीन पठार. हा शब्द मुख्यत्वे रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रूढ आहे. उघड्या खडकास तेथे कातळ म्हणतात. घाटमाथ्यावर अशा भूमीस नुसते पठार म्हणण्याचा प्रघात आहे. कोकणातील कमी उंचीचे सडे आणि समुद्रसपाटीपासून सु. १,२०० मी. उंचीवरील कास (जि. सातारा) यांसारखी पठारे यांच्या वनस्पती पुष्कळशा निराळ्या असल्या, तरी दोहोंची घडण एकाच तऱ्हेची आहे.

उष्ण व अतिवृष्टीच्या हवामानात मूळ खडकाचे दीर्घकाळ अपक्षालन होऊन सिलिका निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहून जांभा बनतो. फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०७ मध्ये वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास लॅटेराइट हे नाव दिले. मलबारात या खडकाचे चिरे कापून बांधकाम होते, हे त्यांनी पाहिले होते. सड्यावर मातीचा थर अगदी पातळ, कोठे मुळीच नसतो. उन्हाळ्यात कातळ तापून निघतो, तर पावसाळ्यात त्यावर जागोजाग पाणी साचते. या दोन टोकांमध्ये वृक्षांचा टिकाव लागत नाही, परंतु ज्यांना मोकळे ऊन हवे, अशा लहान ओषधींना येथे हक्काची जागा मिळते.

या ओषधींचे जीवन चार महिन्यांत आटोपते. पहिल्या सरींबरोबर कंद फुटतात. कोकणातील सड्यांवर डिपकॅडी काँकनेन्से या प्रदेशनिष्ठ जातीची पांढरी फुले याच सुमारास दिसतात. पुढे गेंद, तेरडा, सोनकी यांचे ताटवे येतात. पातळ मातीत नायट्रोजन कमी असल्याने सीतेची आसवे व दवबिंदू या वनस्पती सूक्ष्म जीव आणि कीटक पकडून ती उणीव भरून काढतात. डबक्यांत उगवणारा वायतुरा (ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस) ही जाती १९८२ मध्ये प्रथम वर्णिली गेली व ती सह्याद्रीच्या मोजक्याच पठारांवर आढळते. साताऱ्यासारख्या वर्दळीच्या शहरापासून जवळ वाढणारी वनस्पती इतकी वर्षे शास्त्रास अज्ञात राहावी, यावरून सड्यांकडे किती दुर्लक्ष झाले होते, हे दिसते. आंबोलीच्या कातळावरील उथळ पाण्यात प्रजनन करणाऱ्या एका भेकाचे वर्णन तर २००९ मध्ये झाले.

वर्षातील आठ महिने वाळलेले गवत व काळा कातळ एवढेच दिसत असल्याने सडे महसुली नोंदींत बहुधा पडीक ठरतात. ही नोंद केवळ शाब्दिक नाही. जमीन पडीक म्हटली की तिचा काही तरी ‘उपयोग’ करणे ओघाने येते, व त्यातून चिरेखाणी, बॉक्साइटाचे उत्खनन, पवनचक्क्या, सुरुंगाने खड्डे फोडून व बाहेरची माती भरून केलेल्या आंबा-काजूच्या बागा येतात. वनीकरणही यास अपवाद नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीसारखी झाडे लावली, की सावली व पालापाचोळा यांमुळे मूळच्या ओषधी नाहीशा होतात. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी सड्याच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. तेव्हा खाणीचा परिणाम पायथ्याच्या विहिरींनाही भोगावा लागतो.

पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत कास आहे. प्रसिद्धीमुळे तेथे पर्यटकांची रीघ लागली. ती आवरण्यासाठी प्रवेशशुल्क व दैनिक मर्यादा ठरविण्यात आली आणि जाळीचे कुंपणही घालण्यात आले. गुरांची चराई थांबल्यास उंच गवत माजून लहान ओषधी दडपल्या जातात, असा आक्षेप कुंपणावर घेतला गेला आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. कोकणातील सड्यांकडे लक्ष गेले ते प्राचीन कातळशिल्पांमुळे. बारसू, कशेळी, उक्षी इ. स्थळे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. मात्र शिल्पाभोवतीचा चौथरा राखणे म्हणजे सडा राखणे नव्हे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये राज्यशासनास स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून वारसा स्थळ घोषित करता येते. कोकणातील बरेचसे सडे खाजगी व सामाईक मालकीचे असल्याने, चिऱ्याच्या उत्पन्नावर पाणी सोडणाऱ्या खातेदारास मोबदला काय, हा प्रश्न त्यापूर्वी सोडवावा लागतो.