साथीआधीच्या रक्तातली प्रतिपिंडे

आफ्रिकेतल्या मलेरियाग्रस्त भागांत २०१९ पूर्वी घेऊन गोठवून ठेवलेले रक्ताचे नमुने कोविडच्या प्रतिपिंड-चाचणीला लावले, तेव्हा त्यांतले बरेच होकारार्थी निघाले. विषाणू माणसात येण्याआधीच त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे! आफ्रिकेत मृत्यू कमी का, हे कोडे तेव्हा जगभर चर्चेत होते. मलेरियाच तिथे ढाल झाला, असे म्हणण्याचा मोह साहजिक होता.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्या मोहाला लगाम घातला. कोरोनाच्या काटेरी प्रथिनावर शर्करांच्या साखळ्यांचे आवरण असते. हा पेहराव विषाणूचा स्वतःचा नव्हे. ज्या पेशीत तो वाढतो तिच्याकडूनच तो मिळतो. साखळ्यांच्या टोकाला असलेले सियालिक आम्ल आपल्या पेशींवरही असतेच. मलेरियाच्या तापात शरीर नेमकी-अनेमकी प्रतिपिंडे भरमसाट बनवते, आणि त्यांतली काही या आम्लाला चिकटतात. म्हणजे परजीवीचे आणि विषाणूचे प्रथिन सारखे, हे इथले कारण नव्हेच. ही पकडही कच्ची: चाचणीत युरियाच्या द्रावणाने धुतले की बरीचशी सुटते. मुख्य म्हणजे, ही प्रतिपिंडे विषाणूला निष्प्रभ करत नाहीत.

अशा चाचणीवर विसंबून पाहणी केली, तर न झालेला कोविड होऊन गेल्याची नोंद होते आणि असुरक्षित वस्ती सुरक्षित वाटू लागते. मालीतल्या पाहणीत म्हणूनच एका प्रतिजनावर न थांबता, अख्खे काटेरी प्रथिन आणि त्याचा पेशीला जोडला जाणारा भाग, अशी दुहेरी कसोटी लावली गेली.