सुमुरगेनेंग : मोबदला मिळालेलं गाव

फेब्रुवारी 2021 मध्ये इंडोनेशियातल्या एका खेड्याची चित्रफीत जगभर फिरली. मोटारी वाहून नेणारे ट्रक एकामागोमाग गावात येताहेत, त्यांवर नव्याकोऱ्या गाड्या लादलेल्या आहेत आणि रस्त्याच्या कडेला जमलेले गावकरी ते सारं मोबाइलमध्ये टिपताहेत. एका दिवसात सतरा गाड्या आल्या आणि गावातली एकूण खरेदी 176 वर गेली, असं गावप्रमुखाने पत्रकारांना सांगितलं. इनोव्हा, फॉर्च्युनर, पजेरो, एचआर-व्ही अशी ती यादी होती. हे गाव म्हणजे पूर्व जावाच्या तुबान जिल्ह्यातलं, जेनू तालुक्यातलं सुमुरगेनेंग. पर्तामिना ही इंडोनेशियाची सरकारी तेलकंपनी आणि रशियाची रोसनेफ्त यांनी मिळून आखलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी इथली शेतजमीन घेतली गेली होती. दिवसाला 3 लाख पिंप तेल शुद्ध करायची त्याची क्षमता ठरली होती. वर्षभराच्या आत, जानेवारी 2022 मध्ये, याच पट्ट्यातल्या गावांचे लोक प्रकल्पाच्या दारात निदर्शनाला उभे राहिले. पैसे संपत आलेत, कबूल केलेलं काम द्या, ही त्यांची मागणी. शेजारच्या वाडुंग गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पत्रकारांना सांगितलं की दावणीच्या सहा गुरांपैकी तीन रोजच्या खर्चापायी विकून झाली. मग या दोन बातम्या एकमेकींना जोडून जगाने निकाल दिला : खेडुतांच्या हाती पैसा आला आणि त्यांना तो टिकवता आला नाही. हा निकाल चुकीचा आहे असं मला वाटतं. गावकऱ्यांनी गाड्या घेतल्या हे खरं, पण त्यांच्या अडचणीचं मूळ शोरूममध्ये नाही, मोबदला ठरवण्याच्या पद्धतीत आहे.

आधी हे पाहू की ही माणसं कारखान्यांना नवखी होती का. तुबान हा जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचा जुना बंदराचा मुलूख. 1293 मध्ये कुब्लाई खानाचं आरमार जावावर आलं ते याच किनाऱ्याला लागलं आणि पुढे मजापहित साम्राज्याच्या काळात हे व्यापाराचं मोठं ठाणं होतं. आत चुनखडीचे डोंगर, कोरडवाहू शेतं, मका, भुईमूग आणि मिरची. बांधांवर लोंतारची, म्हणजे ताडाची, झाडं आणि त्यांच्यापासून काढलेली गोड नीरा, तिला तिथे लेगेन म्हणतात. त्याच चुनखडीमुळे 1990च्या दशकात इथे सिमेंटचे मोठे कारखाने आले. खुद्द जेनू तालुक्यात पेट्रोरसायनांचा कारखाना आहे आणि तांजुंग आवार-आवारचं कोळशावरचं वीजकेंद्रही. म्हणजे कारखाना आला की कुणाला नोकरी लागते, कुणाला लागत नाही आणि धूळ कुणाच्या वाट्याला येते, हे इथल्या लोकांनी तीस वर्षं जवळून पाहिलं होतं. चित्रफितीसोबतच्या बातम्यांत हा तपशील क्वचितच आला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सुमुरगेनेंग आणि वाडुंगचे लोक जमीन विकायला तयारच नव्हते. जानेवारी 2019 मध्ये पूर्व जावाच्या गव्हर्नरांनी प्रकल्पाची जागा निश्चित करणारा आदेश काढला, तेव्हा गावकरी सुराबायाच्या प्रशासकीय न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी तिथे जिंकले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यानंतर त्यांच्या हाती काय उरलं, हे इंडोनेशियाच्या 2012 च्या भूसंपादन कायद्यात वाचायला मिळतं. सार्वजनिक हितासाठी जमीन लागणार असं एकदा ठरलं की खातेदाराला मोबदल्याच्या रकमेवर हरकत घेता येते, तीही चौदा कामकाजी दिवसांत. त्यानंतरही त्याने पैसे नाकारले तर ती रक्कम जिल्हा न्यायालयात जमा होते आणि जमिनीवरचा त्याचा हक्क संपतो. जमीन द्यायची की नाही हा प्रश्न तोवर निकाली निघालेला असतो. अशा वाटेने आलेल्या पैशाला लॉटरी म्हणणं अन्यायाचं आहे. लॉटरीचं तिकीट माणूस स्वतःहून काढतो.

यावर पहिला आक्षेप भावाचा. चौरस मीटरला 6 ते 8 लाख रुपिया असा दर मिळाला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने सुमारे 3 ते 4 हजार भारतीय रुपये. गावातला सरासरी मोबदला 8 अब्ज रुपियांच्या घरात होता, आपले साधारण चार कोटी. कोरडवाहू मक्याच्या जमिनीला हा भाव कुणी दिला असता? आणि एवढी रक्कम बँकेत ठेवून वर्षाला नुसतं 3 टक्के व्याज धरलं, तरी 24 कोटी रुपिया, म्हणजे बारा लाख भारतीय रुपयांच्या आसपास, घरबसल्या मिळत राहिले असते. मग ओरड कसली? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ज्यांच्या हाती खरोखर एवढी रक्कम पडली, त्यांतल्या काहींना ती राखता आली असती, हे मान्य करायला हवं. पण सरासरी हा आकडा इथे फसवा आहे. सर्वांत मोठा मोबदला, 26 अब्ज रुपियांचा, ज्याला मिळाला तो सुराबायाचा रहिवासी. त्याची फक्त जमीन गावात होती. एकट्याच्या अशा रकमेने सरासरी वर चढते आणि अर्ध्याएक एकराचा धनी त्या सरासरीत दिसेनासा होतो. शिवाय जमीन चार भावंडांत सामाईक असली तरी तिच्यावर एकत्र पीक घेता येतं. पैसा मात्र हाती आला त्याच दिवशी वाटला जातो. आणि गावाने सगळा पैसा गाड्यांतच घातला असंही नाही. गावप्रमुखाच्याच सांगण्यानुसार अनेकांनी दुसरीकडे पुन्हा जमिनी घेतल्या, घरं बांधली. धंद्यात गुंतवणारे मात्र थोडे होते. ही काही उधळ्यांची यादी नव्हे. जमिनीवर जगलेल्या माणसाने पैसा पुन्हा जमिनीत आणि घरात घालणं यात शहाणपणच आहे. अडचण एवढीच, की एका तालुक्यात शेकडो खातेदार एकदम जमीन शोधायला निघतात तेव्हा शेजारच्या गावांतले भाव वाढतात आणि विकलेल्या एका एकराच्या पैशात पूर्वीसारखा दुसरा एकर येत नाही.

आता त्या आकड्याकडे येतो ज्याची चर्चा सर्वांत कमी झाली. सुमुरगेनेंगमध्ये कुटुंबं होती सुमारे 840. त्यांतल्या सुमारे 225 कुटुंबांची जमीन प्रकल्पात गेली. म्हणजे दर चार घरांमागे जवळपास तीन घरांना जमिनीचा मोबदला मिळालाच नाही, कारण त्यांची जमीन गेली नव्हती किंवा त्यांच्याकडे जमीनच नव्हती. ज्यांच्या नावावर काही नाही अशा माणसांचाही गेलेल्या शेतांशी संबंध होता. मिरचीच्या तोडणीला आणि मक्याच्या कापणीला मजूर लागतात, कापलेल्या धाटांवर गुरं जगतात, शेतमालाची ने-आण करणाऱ्याचं घर त्यावर चालतं. शेत गेलं की मालकाला रक्कम मिळते, मजुराचे कामाचे दिवस जातात आणि त्या दिवसांचा भाव कुठल्याच मूल्यांकनात धरला जात नाही. विस्थापनाचा आयुष्यभर अभ्यास केलेले समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी लोक कंगाल होण्याचे आठ धोके मांडले. भूमिहीनता आणि बेकारी हे त्यांतले पहिले दोन. सामाईक साधनं हातची जाणं आणि माणसामाणसांतली वीण उसवणं हेही त्यांत येतात. निव्वळ रोख भरपाईने हे धोके टळत नाहीत, असा त्यांचा आग्रह राहिला. ज्या गावाला जग करोडपतींचं म्हणत होतं, त्यातली बहुसंख्य घरं 176 गाड्यांच्या गर्दीत कुणाला दिसलीच नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक धीराचा आहे. जरा थांबा, कारखाना उभा राहिला की रोजगार येईल, शेतीपेक्षा पक्का पगार येईल. इथे प्रकल्पाचेच अंदाज पाहावेत. बांधकामाच्या ऐन भरात सुमारे 20 हजार माणसं लागतील आणि कारखाना सुरू झाल्यावर सुमारे अडीच हजार, असं सांगितलं गेलं. बांधकाम काही वर्षांत संपतं. उरलेल्या अडीच हजार जागांतल्या बहुतेक अभियंते आणि प्रशिक्षित तंत्रज्ञांच्या असणार, त्यांसाठी सबंध देशातून अर्ज येणार. मक्याच्या शेतात आयुष्य गेलेल्या पन्नाशीच्या माणसासाठी त्यात उरतं पहारेकऱ्याचं किंवा साफसफाईचं काम, म्हणूनच 2022 च्या निदर्शनांत सुरक्षारक्षकांच्या भरतीवर एवढा जोर होता. मानवशास्त्रज्ञ तानिया ली यांनी इंडोनेशियातल्या ग्रामीण भागाबद्दल हे नेमकं टिपलं आहे : भांडवलाला जमीन हवी असते, त्या जमिनीवरच्या माणसांचे श्रम नको असतात. मळ्यांच्या संदर्भात त्यांनी जे मांडलं, ते तेलशुद्धीकरणाला तर अधिकच लागू पडतं, कारण इतक्या अवाढव्य भांडवलावर इतकी कमी माणसं कामाला लावणारे उद्योग थोडेच. जमिनीचा दर लेखी होता, चौरस मीटरला अमुक इतका. नोकरीचं आश्वासन मात्र बहुतांशी तोंडी होतं.

मग दुसरं काय करता आलं असतं? उत्तरासाठी इंडोनेशियाबाहेर जायची गरज नाही. त्याच 2012 च्या कायद्याचं 36 वं कलम मोबदल्याचे पाच प्रकार सांगतं : पैसे, बदली जमीन, पुनर्वसन, समभागांतली भागीदारी किंवा दोन्ही बाजूंना मान्य असलेलं आणखी काही. म्हणजे मार्ग कायद्याने मोकळे ठेवले आहेत. प्रशासन पहिलाच उचलतं, कारण रोख वाटून फाइल लवकर बंद होते. समभाग वगैरे कागदावर ठीक, एवढ्या किचकट धंद्यात शेतकऱ्याची भागीदारी कशी बसवणार, असं कुणी विचारेल. तुबानला लागून दक्षिणेला बोजोनेगोरो जिल्हा आहे. तिथल्या चेपू तेलक्षेत्रात 10 टक्के वाटा प्रांत आणि जिल्ह्यांच्या कंपन्यांकडे आहे, तोही एक्सॉनमोबिलसारख्या कंपनीच्या जोडीने. तेलाच्या महसुलातून पुढच्या पिढ्यांसाठी कायमनिधी उभारण्याची कल्पनाही त्या जिल्ह्यात अनेक वर्षं चर्चेत राहिली. हा वाटा सरकारी कंपन्यांचा आहे, गावकऱ्यांचा नाही, ही त्याची मर्यादा खरी. पण तेलासारख्या धंद्यात स्थानिकांचा हिस्सा लिहून ठेवता येतो आणि वर्षानुवर्षं देता येतो, एवढं त्यातून सिद्ध होतं. जिल्ह्याला जे मिळू शकतं ते खातेदारांच्या आणि मजुरांच्या संस्थेला का मिळू नये, याचं पटेल असं कारण माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

एक मुद्दा राहतो, काळाचा. सुमुरगेनेंगच्या लोकांना जमिनीचे पैसे 2020 पासून मिळू लागले आणि शेतं हातची गेली. ज्या कारखान्यासाठी ती गेली, त्यात पैसा ओतायचा की नाही याचा अंतिम निर्णय मात्र कंपन्या एकेक वर्षाने पुढे ढकलत राहिल्या. 2022 मध्ये युक्रेनवर रशियाचं आक्रमण झालं, रशियावरचे निर्बंध कडक झाले आणि रोसनेफ्तची भागीदारीच अडचणीत आली. 2025 उजाडलं तरी तो निर्णय झालेला नव्हता. म्हणजे शेतकऱ्याला हरकत घ्यायला चौदा दिवस आणि गुंतवणूकदाराला विचार करायला हवी तेवढी वर्षं. गुंतवणुकीचा अंतिम निर्णय झाल्याशिवाय जमिनीचा ताबा घेता येणार नाही, एवढी एक अट भूसंपादनाच्या आदेशात असती, तर या सगळ्या वर्षांत त्या शेतांतून दर हंगामाला मका आणि मिरची निघत राहिली असती आणि तोडणीच्या मजुरीवर जगणाऱ्या घरांनाही काम मिळत राहिलं असतं.