साखरेच्या वहीत न उतरणारे

टाइप-१ मधुमेह झालेल्या मुलाला दिवसातून साधारण चार वेळा इन्सुलिन टोचून घ्यावे लागते आणि साखर पाहण्यासाठी अनेकदा बोटातून रक्ताचा थेंब काढावा लागतो. डब्यात दोन पोळ्या आहेत की तीन, मधल्या सुट्टीनंतर खेळाचा तास आहे का, यावर डोस ठरतो. या कामाला रविवार नाही. एचबीए१सी चाचणीत गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज एका आकड्यात मिळतो, पण तो आकडा राखताना मुलाच्या मनावर काय बेतते ते त्यात दिसत नाही. सुरेख अहवाल घेऊन आलेली मुलगीही आतून पार थकलेली असू शकते.

हे जोखताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: मुलाला ओझे किती वाटते, आणि त्या ओझ्याला ते कसे तोंड देते.

ओझे मोजण्याचे सर्वांत परिचित साधन म्हणजे ‘पेड’ ही प्रश्नावली. विल्यम पोलोन्स्की आणि बॉस्टनच्या जॉस्लिन डायबेटिस सेंटरमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९५ साली प्रसिद्ध केली. तिच्यात वीस विधाने असून प्रत्येकाला शून्य ते चार गुण असतात. बेरजेला १.२५ ने गुणले की शंभरपैकी गुण मिळतात, आणि चाळीस किंवा त्याहून अधिक गुण हे गंभीर ताणाचे लक्षण मानले जाते. ही प्रश्नावली प्रौढांसाठी होती. किशोरांचे जाच वेगळे असतात: आईबाबांची सततची टोकणी, मित्रांपासून लपवालपवी. त्यामुळे त्यांच्यासाठी २०११ साली सव्वीस विधानांची वेगळी प्रश्नावली आली.

नैराश्याची नेहमीची प्रश्नावली इथे एकटी पुरत नाही. थकवा, मोडलेली झोप, उतरलेले वजन ही नैराश्याची लक्षणे आहेत, तशीच वाढलेल्या साखरेचीही.

तोंड देण्याची रीत शोधणारे ‘किडकोप’ हे साधन अधिक लक्षवेधी आहे. स्पिरिटो, स्टार्क आणि विल्यम्स यांनी ते १९८८ साली मांडले. त्यात अडचण मूल स्वतः सांगते, आणि हेच त्याचे मोठे बळ आहे. वर्गात साखर उतरली, हात थरथरू लागले, सगळे बघत होते; समजा मुलाने हे सांगितले. मग विचारायचे, तेव्हा तू काय केलेस? मन दुसरीकडे वळवलेस, एकटा बसलास, स्वतःला दोष दिलास, कुणाची मदत घेतलीस, की ‘हे झालेच नसते तर’ असे म्हणत राहिलास? किशोरांच्या आवृत्तीत असे दहा मार्ग आहेत, आणि प्रत्येकापुढे दुसरा प्रश्न असतो: त्याचा उपयोग झाला का? या दुसऱ्या प्रश्नामुळे उत्तराला चांगल्या-वाईटाचा शिक्का बसत नाही. सुई टोचताना मन वळवणे शहाणपणाचे असते; साखर तपासायचीच टाळण्यासाठी तेच केले तर ते घातक ठरते.

अडचणी उत्तरे मिळवतानाच सुरू होतात. दवाखान्यात आई शेजारी बसलेली असते आणि पेन तिच्याच हातात असते. साखरेच्या वहीत ११०, १२०, १३० असे आकडे एकाच शाईत, एका बैठकीत उतरवलेले सापडतात. ग्लुकोमीटरच्या स्मृतीत त्या दिवसांची एकही नोंद नसते. ओरडा बसेल म्हणून वही रंगवणारा मुलगा प्रश्नावलीही तशीच भरणार. मुलीचा मधुमेह लग्नाच्या चिंतेने नातेवाइकांपासून, कधी शाळेपासूनही लपवणारी घरे आहेत. अशा घरातल्या मुलीला ‘कुणाची मदत घेतलीस?’ हे विचारण्याआधी, तिने मदत मागावी असे कुणी भोवती आहे का, हे पाहावे लागते. म्हणून मुलाला पालकांपासून वेगळे बसवणे हा मापनाचाच भाग धरायला हवा. प्रौढांसाठी ठरलेली चाळीसची रेषाही बारा वर्षांच्या मराठी मुलाला जशीच्या तशी लावता येत नाही.

त्याहून अवघड असते ते गुण हाती आल्यानंतरचे. येल विद्यापीठात मार्गारेट ग्रे यांच्या गटाने किशोरांना अवघड प्रसंग अभिनयातून हाताळायला शिकवले. एका वर्षानंतर त्या मुलांची साखर आणि जीवनमान दोन्ही अधिक चांगले दिसले. पण असे शिकवायला माणूस लागतो, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मानसतज्ज्ञ क्वचितच असतो. नेदरलँड्समधील एका अभ्यासात किशोरांनी भरलेल्या उत्तरांवर प्रत्येक भेटीत डॉक्टर त्यांच्याशी बोलत. मुलांचे मन सावरले, एचबीए१सी मात्र सुधारले नाही. हे बोलणे थांबल्यावर वर्षभराने पुन्हा पाहिले, तेव्हा मनाला झालेला लाभही ओसरला होता.